लिलावातलं लिंबू

वेदीसमोर सतरंजी पसरली होती आणि तिच्यावर गावाचं सगळं रान येऊन बसलं होतं. ज्वारीची कणसं, हरभऱ्याचे डहाळे, उसाची मोळी, कांद्याची अर्धी गोणी, लाल भोपळा, पाय बांधलेली एक गावरान कोंबडी आणि स्टीलच्या डब्यात कुणी घरून करून आणलेल्या करंज्या. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तिथल्या चर्चमधल्या कापणीच्या सणाला गेलो होतो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण बोलताना तोंडात नगरच येतं. उपासना संपली आणि लिलाव सुरू झाला. वर्षाच्या पिकातला पहिला वाटा देवाला वाहायचा आणि मंडळीनं तो आपसांतच बोली लावून विकत घ्यायचा, अशी इथली जुनी रीत आहे.

भोपळा गेला, ऊस गेला. कोंबडीवर बरीच चढाओढ झाली. मग पाळकसाहेबांनी एक लिंबू उचललं. एकच लिंबू, हिरवट, एका बाजूला डाग पडलेलं. डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींच्या दारातल्या झाडाचं ते होतं. त्या वर्षी झाडाला धरलेली बाकीची फळं वाऱ्यानं गळली होती. एका मास्तरांनी ते 50 रुपयांना घेतलं आणि तिथंच उभं राहून म्हणाले, ‘पुन्हा मंडळीला.’ दुसऱ्यांदा ते 70 ला गेलं आणि परत आलं. तिसऱ्यांदा 100 ला गेलं, तेही परत आलं. चौथ्यांदा एसटीत ड्रायव्हर असलेल्या एका गृहस्थांनी ते 160 ला घेतलं, चालत आजींपाशी गेले आणि लिंबू त्यांच्या ओंजळीत ठेवून म्हणाले, ‘आजी, सरबत करा.’ सगळे हसले, आजीही हसल्या. खजिनदारांनी वहीत लिहिलं : लिंबू, 380.

इथल्या ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात ‘चर्च’ म्हणजे बहुधा इमारत. माणसांचा उल्लेख आला की शब्द येतो ‘मंडळी’. ‘आमची मंडळी साठ घरांची’, ‘मंडळीत आजारी कोण आहे?’, ‘मंडळीला सलाम सांगा.’ एरवी आपण हा शब्द किती सहज वापरतो. काय मंडळी, कसं काय! त्यांनी तो आपल्या श्रद्धेच्या मध्यभागी नेऊन ठेवला. मला तो फार आवडतो, कारण त्यात दगडविटा नाहीत, एकत्र बसणं आहे.

इमारतही साधीच असते. काळ्या दगडाच्या भिंती, वर पत्रा किंवा कौलं, आवारात एक कडुलिंब. कित्येक ठिकाणी घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला असतो. चपला बाहेर काढायच्या, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बाया. पेटी, तबला आणि टाळ पुढे. रविवारी सकाळी आधी मुलांची शब्बाथ शाळा, मग उपासना, आणि ती आटोपली की आवारात तासभर चालणाऱ्या गप्पा. कुणाचं पोरगं बारावीला बसलंय, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाची विहीर आटली, हे सगळं त्या तासात कळतं. मंडळीची निम्मी सेवा त्या गप्पांतून उभी राहते, असं माझं मत आहे. गरज कळण्यासाठी आधी कुणी तरी ऐकावं लागतं.

या मंडळ्यांची गोष्ट जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1813 साली मुंबईत उतरली आणि 1831 च्या डिसेंबरात नगरला आली. 1842 मध्ये नगरहूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. मिशनच्या सिंथिया फरार बाईंनी इथं मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घ्यायला त्यांच्याकडे आल्या होत्या. शहरातून मग हे काम वडाळा, राहुरी अशा गावांकडे पसरलं. खेड्यांतल्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः महार आणि मांग समाजांतल्या माणसांच्या. गावकुसाबाहेरच्या वस्तीत पहिली शाळा आली, ती भरायची त्याच खोलीत रविवारी उपासना व्हायची, आणि मास्तर तोच उपदेशक. अक्षर आणि प्रार्थना एकाच दारातून आत आली.

राहुरीचं नाव मराठी वाचकाला ठाऊक असतं ते लक्ष्मीबाई टिळकांमुळे. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये, राहुरीत. त्याआधी त्यांच्या मनातलं सोवळंओवळं कसं गळून पडलं हे त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्याला सांगायला नको. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ब्राह्मण घरातली ही बाई ज्या मंडळीत येऊन बसली, तिथली बहुतेक माणसं तिच्या माहेरच्या अंगणातही येऊ शकली नसती. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला सगळ्यांना एकच. हे आज वाचायला सोपं आहे. तेव्हाच्या खेड्यात तो प्याला ओठाला लावायला काय लागत असेल, याचा विचार करून पाहावा.

टिळकांनी या मंडळीला तिचा आवाज दिला. त्यांच्या आधीची बरीच गीतं परक्या चालींना जुळवलेली होती. शब्द मराठी असले तरी ती म्हणताना जीभ अडखळायची. टिळकांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, टाळावर म्हणता येतील अशी भजनं लिहिली. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात त्यांची शेकडो गीतं आहेत आणि आजही रविवारी त्यांच्याशिवाय पान हलत नाही. आयुष्याच्या अखेरीस, 1917 मध्ये, त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा संघ उभारला. परदेशातून येणाऱ्या पगारावर इथली मंडळी उभी राहणार नाही, तिनं आपल्या पायांवर उभं राहावं, ही त्यांची तळमळ होती. दोन वर्षांत ते गेले. प्रश्न मात्र राहिला.

आणि तो खरा प्रश्न होता. 1876 चा दुष्काळ, 1896 चा, मग 1899-1900 चा. नगरची जमीन पावसाच्या लहरीवर. या काळात मिशननं अनाथ मुलं सांभाळली, धान्य वाटलं, कामं काढली. मिशनचे रॉबर्ट ह्यूम यांना त्या मदतकार्याबद्दल कैसर-ए-हिंद पदक मिळालं. ती मदत नसती तर कितीतरी घरं उरली नसती. पण देणारा कायम साहेब आणि घेणारा कायम हात पसरलेला, असं दोन पिढ्या चाललं की माणसाच्या पाठीला वाक येतो. म्हणून काही मंडळ्यांतल्या मुष्टिफंडाची मला फार किंमत वाटते. रोज भाकरीचं पीठ मळायच्या आधी, किंवा दळणाला बसायच्या आधी, मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचं आणि महिन्यानं ते मंडळीत आणायचं. घरात फार नसतानाही काढलेली ती मूठ. ज्या बाईच्या आजीनं मिशनच्या रांगेत धान्य घेतलं, ती बाई आता देणारी झाली.

या भूमीतून वर आलेलं सगळ्यांत मोठं काम म्हणजे जामखेडचा आरोग्य प्रकल्प. डॉ. रजनीकांत आरोळे याच जिल्ह्यातले, शिक्षक आईवडिलांच्या घरात वाढलेले. ते आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरला शिकले आणि 1960 च्या दशकात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करू लागले. तिथं त्यांना रोज एकच गोष्ट दिसायची. बरा होऊन घरी गेलेला रुग्ण त्याच आजारानं परत यायचा, कारण गावातलं पाणी तेच, घरातली उपासमार तीच. दवाखान्याच्या दारात बसून हे थांबणार नव्हतं. 1970 मध्ये दोघं जामखेडला आले. लोकांनी आधी औषध मागितलं नाही, पाणी आणि अन्न मागितलं, म्हणून काम तिथून सुरू झालं. कूपनलिका खोदताना हातपंप दलित वस्तीत बसावा असा त्यांचा आग्रह होता. पाणी हवं असेल त्यानं तिथं यावं. भाषण न करता गावाच्या रस्त्याची दिशा त्यांनी बदलली.

शिकलेल्या नर्सेस खेड्यात राहायला तयार होईनात. मग गावानंच आपल्यातली एक बाई आरोग्यसेविका म्हणून निवडावी असं ठरलं. अशा निवडलेल्या बायका बहुतेक निरक्षर होत्या, कितीतरी दलित समाजातल्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्या बाळंतपणं करायला शिकल्या, जुलाब झालेल्या बाळाला मीठसाखरेचं पाणी द्यायला शिकल्या, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखायला शिकल्या. ज्यांच्या हातचं पाणी गावाला चालत नव्हतं त्यांच्या हाती गावानं आपली बाळं दिली. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले. शिकवायला उभ्या असायच्या त्याच बायका.

हातपंपाचा विषय निघालाच आहे तर जालन्याबद्दलही थोडं. 1960 च्या दशकातल्या अवर्षणात जालन्याच्या स्कॉटिश मिशननं काळ्या कातळात कूपनलिका खोदायला सुरुवात केली. पाणी लागायचं, पण वर बसवलेले बिडाचे पंप टिकत नसत. ते एका घराच्या वापरासाठी बनवलेले, आणि इथं सबंध गाव दिवसभर दांडा हलवायचं. म्हणून तिथल्या कारखान्यात पोलादाचा, मजबूत दांड्याचा पंप घडवला गेला. पुढे सोलापुरात मिशनशी जोडलेल्या मेकॅनिकांनी तो आणखी सुधारला. त्या सोलापूर पंपावरून युनिसेफच्या मदतीनं ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि देशभर लाखोंच्या संख्येनं बसला. तुमच्या गावात हातपंप असेल तर तो बहुधा त्याच वंशाचा.

आता परदेशी पैसा जवळजवळ थांबला आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हापासून नगरकडच्या बऱ्याच मंडळ्या तिच्या छत्राखाली आहेत, पण रोजचा खर्च ज्याचा त्यालाच भागवावा लागतो. त्या दिवशी लिलाव संपल्यावर खजिनदारांनी मला वही दाखवली. जमेची बाजू भोपळ्याची आणि उसाची. खर्चाच्या बाजूला होतं : टीबीच्या पेशंटला नगरला जायला एसटीभाडं, एका विधवा बाईच्या छपराला चार पत्रे, दहावीची परीक्षा फी, दोन मुलं, कबर खोदणाऱ्याला मजुरी. ज्या दोन मुलांची फी भरली होती त्यांतलं एक ख्रिस्ती नव्हतं. मी त्याबद्दल विचारलं, तर खजिनदार म्हणाले, ‘आमच्याच आळीतलं पोरगं आहे की.’ एवढंच उत्तर त्यांना पुरेसं वाटलं, आणि मलाही.

मयतीला ही मंडळी खरी दिसते. कुणाच्या घरी माणूस गेलं की तासाभरात महिला मंडळाच्या बाया चूल ताब्यात घेतात, तरुण संघाची पोरं कबरीकडे कुदळी घेऊन जातात, रात्रभर गीतं चालू राहतात. नाताळात घरोघरी गाणी म्हणत फिरणारी टोळी शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांपुढेही थांबते आणि करंज्यांची ताटं सगळीकडे जातात. दिवाळीला ती भरून परत येतात.

अडचणी आहेत, आणि त्या झाकून हा परिचय पुरा होणार नाही. तरुण पुण्याला गेलेत. रविवारी पुढच्या रांगेत पांढरे केस जास्त दिसतात. कमिटीच्या निवडणुकीवरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो. मिशनच्या जुन्या जमिनींवर सगळ्यांचा डोळा आहे आणि कोर्टकचेऱ्यांत वर्षं जातात. दलित ख्रिस्ती माणसाला 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. जात मात्र गावानं त्याच्या अंगावरून काढलेली नाही. मंडळीच्या आतही सोयरीक जमवताना जुनी जात हळूच विचारली जाते. एकाच प्याल्यातून पिणाऱ्यांनी हे थांबवायला हवं, आणि लवकर थांबवायला हवं.

तुमच्या तालुक्याच्या गावी असं एखादं चर्च असेल. बाहेरून जाता-येता पाहिलं असेल, आत कधी गेला नसाल. एखाद्या रविवारी जा. चपला बाहेर काढा, मागं सतरंजीवर बसा, टाळावरची गीतं ऐका. कुणी काही विचारणार नाही, उपासना झाल्यावर चहा मात्र घ्यावा लागेल. आणि कापणीच्या सणाचा दिवस असेल तर खिशात थोडे सुटे पैसे ठेवा. लिलावात बोली कुणीही लावू शकतं.