जुन्या सायकली, नवं आयुष्य (भाग ६) : निनावी पोलादी माउंटन बाइक

मागच्या पाच भागांत ज्या सायकली पाहिल्या त्यांची नावं तरी ठाऊक होती. या वेळची निनावी आहे. फ्रेमवरच्या नावाच्या पट्ट्या कुणीतरी खरवडून काढल्यात, पुढच्या नळीवरचा बिल्ला गेलाय, निळ्या रंगातून जागोजाग गंज डोकावतोय. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणाऱ्या आपल्या वाचकांना गराज सेलमध्ये अशी सायकल सापडणं नवलाचं नाही, कारण माउंटन बाइक जन्मली तीच त्या भागात. घरी आणली की हात आधी पॉलिश पेपरकडे जातो. तो तिथेच आवरावा. तो रंग, तो गंज, ते मळकट नट हा या सायकलीचा जन्मदाखला आहे. एकदा घासला गेला की पुन्हा मिळायचा नाही.

हा दाखला वाचायला थोडा इतिहास लागतो. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्याच भागातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावरून काही तरुणांनी वेळ लावून उतरायची शर्यत घेतली. साडेतीन किलोमीटरच्या आत सुमारे चारशे मीटरचा उतार. सायकली बहुतेक १९३०-४० च्या दशकांतल्या, जाड टायरच्या. ब्रेक उलटं पायडल मारून लागणारा. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस धूर होऊन गेलेलं असे आणि हब उघडून पुन्हा भरावं लागे. त्यावरून त्या उताराला ‘रिपॅक’ नाव पडलं. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास याच कामासाठी क्रोमोली नळ्यांची फ्रेम बांधली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीने बांधलेल्या फ्रेम घेऊन अशा सायकलींचा धंदा सुरू केला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची, जपानमध्ये बनवून घेतलेली स्टंपजंपर आली आणि हा प्रकार सर्वसामान्य दुकानांत पोचला.

सुरुवातीच्या सायकलींना सगळे भाग उसने घ्यावे लागत. ब्रेक फ्रेंच टूरिंग सायकलींचे, ब्रेकचे दांडे मोटरसायकलचे. १९८२ मध्ये शिमानोने डिओर एक्सटी हा डोंगरासाठीचा संच काढला, त्यानंतर एकाच घराण्याचे भाग दिसू लागले. आपल्या निळ्या सायकलीवर तसेच एका घराण्याचे भाग आहेत, म्हणजे अगदी पहिल्या पिढीतली ती नाही.

आता रॉकेलचा बोळा घ्या आणि क्रँकच्या आतल्या बाजूचा मळ हळूच पुसा. शिमानोच्या भागांवर तिथे दोन बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात. पहिलं अक्षर वर्षाचं : ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७, असं पुढे. दुसरं महिन्याचं : ए जानेवारी, एल डिसेंबर. या क्रँकवर एल आणि जे आहे, म्हणजे ऑक्टोबर १९८७. एका भागावर मात्र विसंबू नये. मागच्या डिरेल्युरच्या पाठीमागे एल-आय निघालं, सप्टेंबर १९८७. ब्रेकच्या दांड्यावर टी, म्हणजे १९९५. ते दांडे कुणीतरी मागाहून बसवलेत, त्यांची साक्ष बाद. उरलेले भाग १९८७ च्या शरद ऋतूत एकवटतात. शरदात जोडलेली सायकल सहसा पुढच्या वर्षाचं मॉडेल म्हणून विकली जाते, म्हणून हिला १९८८ ची म्हणायला हरकत नाही.

बाकीच्या खुणा या तारखेशी जुळतात का, हे बघण्यात मला सगळ्यात जास्त रस असतो. मागचा ब्रेक वर नसून पायडलच्या मागच्या आडव्या नळ्यांखाली बसवलाय. त्या यू-ब्रेकची टूम १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातली. तिथे सगळा चिखल साचतो, त्यामुळे ती फार टिकली नाही. पुढचं दातेरी चाक गोल नाही, जरा लंबवर्तुळाकार आहे : शिमानोचं बायोपेस, त्याच काळातलं. गिअरचे दांडे हँडलच्या वर, अंगठ्याने ढकलायचे, आणि एकेक टप्पा ‘टक’ करून पडतो. मागे सहा दातेरी चाकांची रांग, मागचं चाक ज्यांत बसतं त्या दोन ड्रॉपआउटमधलं अंतर १३० मिलिमीटर. पुढच्या काही वर्षांत ते १३५ वर स्थिरावलं. पुढचं चाक धरणारा चिमटा ताठ, आटे असलेला, एक इंची. स्प्रिंगचा चिमटा बाजारात आला तो दशकाच्या अगदी शेवटी. यातलं एखादं जरी विसंगत निघालं असतं, तर फ्रेम एकीकडची आणि भाग दुसरीकडचे असा संशय घ्यावा लागला असता.

फ्रेम उलटी करून पायडलच्या आसाखाली ठोकलेला क्रमांकही टिपून ठेवा. प्रत्येक कारखान्याची क्रमांकाची रीत वेगळी. जपान की तैवान हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन महाग झाला आणि मधल्या किमतीच्या सायकलींचं काम झपाट्याने तैवानला गेलं. तैवानची म्हणून फ्रेम कमी दर्जाची, हा समज मात्र सोडून द्या. त्या काळातल्या तैवानी जोडकामात मी उत्तम सफाई पाहिली आहे.

नळीचा कस नावाशिवायही कळतो. सीटपोस्टच्या खालच्या टोकावर त्याचा व्यास कोरलेला असतो, इथे २६.८ आहे. सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास २८.६ मिलिमीटर. वजाबाकी करून निम्मं केलं की भिंतीची जाडी साधारण ०.९ मिलिमीटर येते. साध्या पोलादाच्या स्वस्त सायकलीत पोस्ट २५.४ च्या आसपास असतो, म्हणजे भिंत दीड मिलिमीटरहून जाड. इतकी पातळ नळी क्रोमोलीचीच असणार. क्रोमोली म्हणजे सुमारे एक टक्का क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद. त्याचा ताठपणा साध्या पोलादाइतकाच असतो, वजनही तेवढंच. वाकण्यातुटण्याला ते जास्त दाद देत नाही, म्हणून नळी पातळ ठेवता येते, आणि फ्रेम हलकी होते ती त्यामुळे. चांगल्या नळ्या टोकांना जाड आणि मधे पातळ ओढलेल्या असतात, कारण जोडाजवळच ताण जास्त येतो.

पातळ भिंतीचा धोका एकच : धक्का बसला की वळी पडते. पुढच्या नळीच्या मागे, खालच्या तिरप्या नळीच्या पोटावर बोट फिरवा. रंगात बारीक सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून आदळली आहे, आणि तिच्यावर पुढे खर्च करू नये. मग एक दोरा घ्या. मागच्या एका ड्रॉपआउटला बांधून तो पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. एखाद्या मिलिमीटरचा फरक चालतो. चार-पाच निघाला तर फ्रेम सरळ करणाऱ्या कारागिराकडे जा.

आता पाना हातात घेता येईल. पायडलचा आस काढताना चेनच्या बाजूच्या वाटीला उलटे आटे असतात. ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटते. हे न कळल्याने सगळी ताकद लावून ती वाटी आणखी घट्ट करणारे पुष्कळ. डाव्या पायडलचेही आटे उलटे.

अशा सायकलीचं खरं दुखणं म्हणजे अडकलेला सीटपोस्ट. पोस्ट अॅल्युमिनियमचा, नळी पोलादाची, मधे घाम आणि पावसाचं पाणी; वर्षानुवर्षांत दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. हातोडा मारू नका. फ्रेम उलटी टांगून आसाच्या भोकातून गंज सोडवणारं तेल सोडा आणि काही दिवस राहू द्या. तरी हलला नाही तर पोस्ट थंड करा. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकुंचन पावतं, म्हणून बर्फ कामी येतो; नळी तापवली तर पोस्टही तापून उलट घट्ट बसतो. कॉस्टिक सोड्याने पोस्ट विरघळवता येतो, पण त्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि कातडी जळते. तो शेवटचा उपाय, आणि उघड्यावरच करायचा.

गंजाला ऑक्झॅलिक अॅसिडचं पातळ द्रावण. ते गंज खातं आणि बहुतेक जुन्या रंगाला फारसं लागत नाही. ते विषारी आहे, हातमोजे घाला, मुलाबाळांपासून दूर ठेवा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करा. आतून जवसाचं उकळलेलं तेल फिरवा आणि फ्रेम उलटसुलट करून निथळू द्या, कारण पोलादी फ्रेम आतूनच कुजते.

नव्या रंगाबद्दल माझं मत ठाम आहे : मारू नका. पावडर कोटिंगच्या आधी वाळू मारून जुना रंग उडवतात. कारागीर अडाणी असेल तर पातळ नळी आणखी पातळ होते, आणि आट्यांमध्ये रंग भरून बसतो तो वेगळाच. त्याहून मोठं नुकसान म्हणजे १९८८ चा तो निळा रंग कायमचा जातो. गंज काढलेल्या ठिपक्यांवर जुळणाऱ्या रंगाचा बारीक हात द्या आणि मेण लावा.

जोडताना सगळे छर्रे नवे घाला. पुढच्या हबमध्ये तीन सोळांश इंची, मागच्या हबमध्ये आणि पायडलच्या आसात पाव इंची. जुने कोन आणि वाट्या उजेडात धरून बघा. वाटीच्या पट्ट्यात खड्डे पडलेले असतील तर नव्या छर्ऱ्यांनी काही साधत नाही.

टायरची काळजी मात्र नको. या चाकांचा मूळ आकार त्या जुन्या जाड टायरच्या सायकलींतून आलेला, टायरच्या आतल्या कडेचा, म्हणजे बीडचा, व्यास ५५९ मिलिमीटर. २६ बाय २.१ म्हणून सांगितलं की पुण्या-नाशिकच्या दुकानांतही तो मिळतो. फक्त २६ बाय एक पूर्णांक तीन अष्टमांश मागू नका. तोही सव्वीसच म्हणवतो, पण त्याचं बीड ५९० चं आहे आणि या रिमवर तो ढिला पडतो.

पुढच्या आठवड्यात याच चाकांचा आऊट काढू.