आतड्यात अडकलेला लिम्फोमा

चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाचं पोट कळा येऊन दुखतं, फुगतं, उलट्या होतात, वारा सरत नाही. आतडं अडलं की सर्जनच्या मनात आधी जुन्या ऑपरेशनमुळे चिकटलेली आतडी किंवा हर्निया येतो. लिम्फोमा यादीत बराच खाली असतो, पण असतो.

लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात या पेशींचे पुंजके मुळातच भरपूर असतात, म्हणून तो तिथे अनेकदा दिसतो. गंमत अशी, की ही गाठ मऊ असते. इतर कर्करोगांसारखी आतडं आवळत नाही, उलट कधीकधी तिथली पोकळी रुंदावते. मग अडतं कसं? गाठ आत लोंबते, आतड्याची हालचाल तिला पुढे ओढते आणि शर्टाची बाही आत दुमडावी तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो. सीटी स्कॅनवर एकात एक वर्तुळं दिसतात. लहान मुलांत हे बहुधा गाठीशिवायच घडतं. मोठ्यांत मात्र मागे कारण शोधावंच लागतं.

आपल्याकडे खरी गल्लत आतड्याच्या क्षयाशी होते. जागा तीच; ताप, रात्रीचा घाम, घटतं वजनही तेच. त्यामुळे बायोप्सी शक्य असताना नुसत्या अंदाजावर क्षयाची औषधं सुरू करणं मला धोक्याचं वाटतं. आतडं अडलं असेल तर बहुधा ऑपरेशन करून तो भाग काढतात, तपासतात. पुढे प्रकारानुसार केमोथेरपी.