शेकरूच्या राज्यात एक दिवस

'अभयारण्य' हा शब्द आपण शाळेत भूगोलाच्या तासाला पाठ करतो. नाव, जिल्हा आणि प्राणी असे तीन रकाने भरले की गुण पदरात पडतात. या शब्दाचा अर्थ मला मात्र गेल्या डिसेंबरात भीमाशंकरच्या रानात समजला, आणि तोही एका खारीकडून.

वराळ्याहून आम्ही सहाजणी पहाटे पाचला निघालो. मैत्रिणीच्या काकांची जीप आणि घरून बांधून घेतलेल्या भाकऱ्या व ठेचा, एवढाच सरंजाम. चाकणपर्यंत कंटेनरच्या रांगा होत्या. राजगुरुनगर ओलांडून वाड्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा उजाडले आणि चासकमान धरणाचे पाणी दिसू लागले. हे भीमेचे पाणी. आमच्या मावळातली इंद्रायणी तुळापूरला याच भीमेला मिळते. म्हणजे आम्ही आमच्याच नदीच्या थोरल्या बहिणीच्या माहेरी चाललो होतो!

सह्याद्रीच्या माथ्यावर भीमा उगम पावते, तिथे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आहे. देवळाभोवतीचे रान १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. पुणे, रायगड व ठाणे या तीन जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर आहे. येथे बिबट्या, सांबर, भेकर आहेत. पण या रानाचा खरा मानकरी शेकरू. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी म्हणजे एक मोठी खारच. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ तीन फूट लांब. पाठ तांबूस तपकिरी, पोट पिवळसर आणि शेपूट झुबकेदार. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३१ साली या जातीचे शास्त्रीय वर्णन करताना तिला मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याचे नाव दिले. गावकऱ्यांसाठी मात्र ते आपले शेकरूच राहिले.

दर्शन घेऊन आम्ही गुप्त भीमाशंकरच्या पायवाटेने निघालो. तासभर चाललो, पण शेकरू काही दिसेना. दिसणार कसे? आमची तोंडे एक क्षणही बंद नव्हती. वाटेत मोळी टेकवून बसलेले एक आजोबा म्हणाले, "पोरींनो, शेकरू बघायचं आसंल तर आधी गप बसा. ते पयलं कानाला दिसतं."

आम्ही बसलो. थोड्या वेळाने वर खडखड असा आवाज झाला आणि जांभळीच्या शेंड्यावरून एक तांबडी झेप पलीकडच्या आंब्यावर गेली. मग ते मागच्या पायांवर उलटे लटकून निवांत फळ खाऊ लागले.

आजोबांनी आम्हाला त्याची घरटी दाखवली. काटक्या-पानांचे मोठे चेंडूच जणू! एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते. एखादे झोपेसाठी, तर एखादे पिलांसाठी. घरटे असते ते फांदीच्या बारीक टोकाकडे, कारण तिथे जड शत्रूचा भार पेलत नाही. शिवाय दोन झाडांचे शेंडे जिथे एकमेकांना भिडतात तिथे ते असले, तर धोका दिसताच शेजारच्या झाडावर पळता येते. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. त्याचे जेवण, झोप, बाळंतपण सारे वरच. "झाडाला झाड लागून आसंल तरच त्याचा रस्ता," आजोबा म्हणाले.

परत येताना त्यांनी डांबरी रस्त्याकडे बोट केले. वर पाहिले तर तिथे झाडांच्या छताला लांबलचक फट पडलेली. आमची जीप त्याच फटीतून आली होती. कोणी काही बोलले नाही.

मला आमच्या बांधावरचा उंबर आठवला. गेल्या वर्षी गोठा वाढवताना तो तोडला, तेव्हा आम्ही सर्वजण, मीसुद्धा, "एकच तर झाड" म्हणालो होतो. शेकरूच्या हिशेबात 'एकच झाड' असे काही नसते. मधले एक झाड गेले की दोन्हीकडची झाडे एकमेकांना परकी होतात.

हे शहाणपण येथील लोकांना कायद्याच्या आधीपासून होते. या भागातले महादेव कोळी पिढ्यान्‌पिढ्या देवराया राखत आले. देवाच्या रानातली वाळकी काडीही घरी न्यायची नाही, असा दंडक. वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ साली. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास त्याच दशकात जगापुढे मांडला. याच लोकांची चूल आजही रानावर चालते. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून विकायचा, त्यावर चार पैसे मिळतात. म्हणून रान राखायचे तर त्यांना बाहेर ठेवून चालणार नाही.

अभयारण्य म्हणजे जिथे भय नाही असे अरण्य. ते नुसत्या पाटीने होत नाही. शेकरूला वरचा रस्ता अखंड हवा, रानातल्या माणसाला पोटाची शाश्वती हवी, आणि आपण पाहुण्यांनी थोडे गप्प बसायला हवे.

येत्या पावसाळ्यात आम्ही बांधावर उंबर लावणार आहोत. त्यावर शेकरू येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण शेजारच्या आंब्याला सोबत मिळेल.