टेपचं नाक आणि बाबांचा अंगठा

रविवारी सकाळी बाबांनी हातोडी काढली, की आई हळदीचा डबा ओट्यावर काढून ठेवायची. बाबा बँकेत नोकरीला होते. पण रविवारी ते सुतार, गवंडी, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन असत. चारही एकदम, आणि चारही अर्धेमुर्धे. आम्हा भावंडांचं काम ठरलेलं: पकड दे, पाना दे, उजेड अडवू नकोस.

त्या रविवारी कोनाड्यात पुस्तकांसाठी फळी बसवायची होती. एका फळीसाठी सुतार कशाला बोलवायचा, असं बाबांचं म्हणणं. त्यांनी स्टीलचा मोजायचा टेप काढला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. टेपच्या टोकाला वाकवलेल्या पत्र्याचा एक हूक असतो बघा, आम्ही त्याला टेपचं नाक म्हणायचो. ते नाक हलत होतं. खुळखुळत होतं चक्क!

"हल्ली कुठल्याच वस्तूत दम राहिला नाही," असं म्हणत बाबांनी टेप दाराच्या पायरीवर ठेवला आणि हुकाच्या रिव्हेटांवर हातोडीचे चार दणके घातले. नाक घट्ट झालं. बाबा खूश.

आता गंमत ऐका. ते नाक मुद्दामच सैल ठेवलेलं असतं! आणि किती सैल? तर स्वतःच्या जाडीइतकं, म्हणजे साधारण एक मिलिमीटर. फळी मोजताना आपण हूक तिच्या कडेला अडकवतो आणि टेप ओढतो. तेव्हा फळी हुकाच्या आतल्या अंगापासून सुरू होते, हुकाची जाडी मापात यायला नको. म्हणून ओढल्यावर हूक तेवढाच पुढे सरकतो. कोनाडा आतून मोजायचा तर उलटं. तिथे हूक भिंतीला टेकवून दाबायचा. आता माप सुरू होतं ते हुकाच्या बाहेरच्या अंगापासून, म्हणजे त्याची जाडी धरलीच पाहिजे. दाबल्यावर हूक तेवढाच मागे सरकतो. ओढलं तरी शून्य बरोबर, दाबलं तरी शून्य बरोबर. ज्या कोणाला हे पहिल्यांदा सुचलं, त्याला माझा नमस्कार.

बाबांनी घट्ट केल्यावर हूक पुढे अडकला होता की मागे, ते मला आठवत नाही. पण कागदावर आकृती काढून बघा: पुढे अडकू दे, मागे अडकू दे, नाहीतर मधेच, त्या टेपनं कोनाडा मोजून त्याच टेपनं फळी कापली, तर ती हुकाच्या जाडीएवढी आखूडच येणार. सुटका नाही.

वर करवतीनं आपला वाटा घेतला. करवतीचे दात जवळून पाहिलेत? एक जरासा डावीकडे कललेला, पुढचा उजवीकडे. त्यामुळे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं लाकडात अडकत नाही. पण त्या रुंदीचं लाकूड जातं कुठे? खाली पडलेला भुसा म्हणजे तेच. म्हणून सुतार रेघेच्या बाहेरच्या अंगानं कापतो. बाबांनी आतल्या अंगानं कापलं. दोन मिलिमीटर तिथे गेले, एक टेपनं खाल्ला होता. फळी तीन मिलिमीटरनं आखूड झाली.

"पट्ट्यांवर ठेवायचीय, काही बिघडत नाही," बाबा म्हणाले आणि कोनाड्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या ठोकायला बसले. पहिला खिळा वाकला. दुसरा वाकला. तिसरा आत गेला, पण पट्टी उभी चिरली.

खिळा का वाकतो? दप्तरातली एक फूट लांबीची प्लास्टिकची पट्टी टेबलावर उभी धरा आणि वरून तळव्यानं हळू दाबा. लगेच कमान होते. आता तेवढ्याच जाडीची सहा इंची पट्टी दाबून बघा. ही बेटी चांगलीच ताठ! लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं अठराव्या शतकातच हे गणित मांडून ठेवलंय: लांबी निम्मी केली, की वाकवायला चौपट जोर लागतो. खिळ्याचंही तेच. जितका बाहेर, तितका लेचापेचा. म्हणून सुतार आधी दोन-तीन हलक्या टिचक्या मारतो, खिळा थोडा आत गेला की मग दणका. बाबा पहिलाच घाव षटकार मारल्यासारखा घालत.

आणि पट्टी चिरली ती खिळा टोकदार होता म्हणून. टोकदार खिळा पाचरीसारखा लाकडाचे तंतू बाजूला रेटतो, मग लाकूड फाटतं. जुने सुतार खिळा उलटा धरून त्याच्या टोकावर एक टिचकी मारतात, टोक बोथट करतात. बोथट खिळा तंतूंना रेटत बसत नाही, चिरडत सरळ आत जातो.

चौथा खिळा मात्र वाकला नाही. कारण हातोडी खिळ्यावर पडलीच नाही, अंगठ्यावर पडली.

तो प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा आहे. आधी 'थप्' असा आवाज. मग बाबांनी अंगठ्याकडे पाहिलं, अगदी शांतपणे. आम्हीही पाहिलं. आणि मग, "आई गं!"

मधली ती शांतता कुठून आली? हाताकडून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या नसा एकाच वेगाच्या नसतात. 'काहीतरी लागलं' एवढं सांगणारा स्पर्शाचा निरोप सेकंदाला 30 ते 70 मीटर पळतो. तीव्र कळेचा निरोप त्याच्या मागून, सेकंदाला 5 ते 30 मीटर. आणि नंतर तासभर ठणकत राहतं ना, त्या वेदनेचा निरोप सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर! अंगठ्यापासून मेंदूपर्यंत अंतर मीटरभर धरा आणि भागाकार करा. हा शेवटचा निरोप अर्धा ते एक सेकंद वाटेतच असतो. म्हणजे हातोडी बसल्याचं कळतं आधी, रडायचंय ते कळतं नंतर.

बाबांनी पुढे केलं ते तुम्हीही करता: अंगठा दुसऱ्या मुठीत घट्ट धरला, चोळला, झटकला. त्यानं खरंच बरं वाटतं. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी 1965 मध्ये याचं कारण सुचवलं. मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. चोळण्याचे, दाबण्याचे निरोप तिथे गर्दी करतात आणि वेदनेच्या निरोपाला आत शिरायला जागा कमी मिळते. त्यांच्या कल्पनेत पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण चोळल्यानं कळ कमी होते हे पक्कं. हळद त्यानंतर आली.

हत्यार लागल्यावर सगळेच हळद लावून गप्प बसत नाहीत. कॅनडात पी. एल. रॉबर्टसन नावाचा एक विक्रेता रस्त्यावर स्क्रू ड्रायव्हरचं प्रात्यक्षिक दाखवत होता. स्क्रूच्या सरळ खाचेतून पातं निसटलं आणि त्याचा हात कापला. भर गिऱ्हाइकांसमोर! त्यानं 1908 मध्ये चौकोनी खळग्याचा स्क्रू काढला. त्यातून पातं सहसा घसरत नाही. कॅनडात तो स्क्रू आजही चालतो.

बाबांनी काही शोध लावला नाही. अंगठा सुजलेला, खिळे संपलेले, म्हणून त्यांनी सुपरग्लू काढला. या चिकटपट्टूचा जन्मही गोंधळातलाच. 1942 मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हे रसायन हाताशी आलं, पण दिसेल त्याला चिकटायला लागलं म्हणून बाजूला पडलं. 1951 मध्ये त्यांच्या सहकाऱ्यानं तपासणीसाठी त्याचा थेंब एका महागड्या उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये घातला. लोलक जे चिकटले ते चिकटलेच. तेव्हा कूव्हरना उमगलं, की अरे, हा तर गोंद आहे!

हा गोंद वाळत नाही, ओलाव्यानं घट्ट होतो. हवेतला, वस्तूवरचा जरासा दमटपणा पुरतो. आता सांगा, काम करणाऱ्या माणसाच्या घामट बोटांइतकं ओलं घरात दुसरं काय असणार? पट्टी भिंतीला चिकटायच्या आधी बाबांची दोन बोटं एकमेकांना चिकटली. ती ओढून सोडवायची नसतात, कातडी निघते. आईनं कोमट साबणाच्या पाण्यात बराच वेळ हात बुडवून ठेवायला लावला.

संध्याकाळी सुतारकाका आले. फळी दहा मिनिटांत बसली. फटीत त्यांनी बाबांच्या खिशातलं एसटीचं तिकीट घडी करून सारलं, ते अजून तिथेच आहे.

तुमच्या घरात टेप असेल तर त्याचं नाक हलवून बघा. हललं, तर टेप उत्तम आहे. मात्र घरात कोणाच्या हातात हातोडी दिसली, तर हे त्यांना आधी सांगून ठेवा.