बिननावाचे विमान

आमच्या शेजारचे एक गृहस्थ मध्यंतरी मुंबईला गेले होते. पुतण्या आखाती देशात नोकरीला निघाला होता. त्याला विमानतळावर सोडून परत येताना त्यांची टॅक्सी गर्दीत अडकली. समोर तारेची जाळी होती. जाळीच्या पलीकडे विमाने उभी होती. त्यांतले एक विमान पांढरेशुभ्र होते. त्यावर कंपनीचे नाव नाही, चित्र नाही, रंगीत पट्टा नाही. घरी आल्यावर ते आमच्याकडे आले नि म्हणाले, "गुरुजी, बिननावाचं विमान पाहिलं. कुणाचं असेल हो? चोराचं तर नव्हे?"

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर आम्ही त्यांना सांगितले. तेच इथे लिहितो.

आमच्या लहानपणी सायकललासुद्धा नगरपालिकेचा बिल्ला असे. मोटारीला नंबर असतो. एस.टी.च्या गाडीला असतो. तसा विमानालाही नंबर असतो. १९४४ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात अनेक देशांचे प्रतिनिधी जमले. तिथे एक करार झाला. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक विमानाने आपला देश आणि आपला नोंदणीचा नंबर अंगावर लिहिला पाहिजे, असे त्या करारात ठरले. भारताच्या विमानावर 'व्ही टी' ही दोन इंग्रजी अक्षरे असतात. त्यांच्यापुढे आणखी तीन अक्षरे येतात. अमेरिकेचे अक्षर 'एन', इंग्लंडचे 'जी', पाकिस्तानचे 'ए पी'. अक्षरे केवढी असावीत याचाही नियम आहे. शेपटीवर किंवा अंगावर ती निदान फूटभर उंच असतात. डाव्या पंखाखाली चांगली हातभर. शिवाय आत दाराजवळ धातूची एक पट्टी बसवतात. तिच्यावरही तीच अक्षरे कोरलेली असतात. ही पट्टी आगीला दाद देत नाही. विमान जळाले तरी त्याची ओळख राहावी, म्हणून ही व्यवस्था.

म्हणजे बघा, कंपनीचे नाव ही हौसेची गोष्ट आहे. नंबर ही सक्तीची गोष्ट आहे.

आम्ही शेजाऱ्यांना विचारले, "शेपटीवर काही होतं का?" ते म्हणाले, "बारीक काही तरी होतं खरं. मला वाटलं, नक्षी असेल."

पांढरे विमान दिसले म्हणजे लगेच संशय घ्यायला नको, बरं का. बहुतेक वेळा कारण साधे असते. एक कंपनी विमान विकते, दुसरी घेते. जुने नाव पुसलेले असते आणि नवे रंगवायचे राहिलेले असते. पुष्कळ विमाने भाड्याने चालतात. आज या कंपनीकडे, उद्या त्या. अशांना मालक पांढरेच ठेवतो. लष्कराच्या विमानांची खूण निराळी असते. आपल्या हवाई दलाच्या विमानावर तिरंगी गोल असतो.

काही विमाने मात्र मुद्दाम बिननावाची ठेवलेली असतात. अमेरिकेत लास वेगास नावाचे शहर आहे. तिथल्या विमानतळावरून पांढरी विमाने उडतात. त्यांच्यावर एक लाल पट्टा असतो, नाव नसते. ती वाळवंटातल्या एका गुप्त लष्करी तळावर कामगारांची ने-आण करतात. गुपित तळाचे आहे, पण विमाने गावातल्या लोकांना रोज दिसतात. नंबर त्यांनाही लावावाच लागतो.

आता विमाने बघणाऱ्या माणसांविषयी थोडे सांगू. युरोप-अमेरिकेत हा एक छंद आहे. माणसे सुटीच्या दिवशी शिदोरी, दुर्बीण आणि वही घेऊन विमानतळाच्या कुंपणाशी बसतात. विमान आले की त्याचा नंबर, तारीख आणि वेळ वहीत टिपतात. काही जण फोटो काढतात. आम्हालाही पहिल्यांदा हसू आले. अहो, यात मिळते काय? कधी कधी तर हा छंद अंगाशीही येतो. २००१ साली ग्रीस देशात अशा चौदा जणांना लष्करी तळाजवळ पकडले. बारा इंग्रज होते, दोन डच. हेरगिरीचा आरोप ठेवून त्यांना शिक्षा झाली. पुढे २००२ च्या नोव्हेंबरात वरच्या कोर्टाने सर्वांना सोडले. तेव्हा आपल्याकडे कुणी पुण्याला लोहगावच्या विमानतळावर गेला, तर तिथे फोटो काढण्याच्या फंदात पडू नये. ते ठिकाण हवाई दलाचे आहे.

पण याच वह्यांनी आणि फोटोंनी एक मोठी गोष्ट उघडकीला आणायला मदत केली.

२००१ च्या सप्टेंबरात अमेरिकेवर अतिरेक्यांनी हल्ला केला. हजारो माणसे मेली. त्यानंतर तिथली गुप्तहेर संस्था, सी.आय.ए., संशयित माणसांना देशोदेशी पकडू लागली. कोर्ट नाही, वकील नाही. विमानात घालायचे नि दुसऱ्या देशातल्या गुप्त तुरुंगात टाकायचे. ऑक्टोबर २००१ मध्ये कराचीच्या विमानतळावर येमेन देशाचा एक विद्यार्थी असाच रात्री अमेरिकनांच्या हवाली झाला. एका पाकिस्तानी पत्रकाराने ती बातमी दिली आणि विमानाचा नंबरही छापला. एन ३७९ पी. त्याच वर्षी १८ डिसेंबरला स्वीडन देशात दोन इजिप्शियन माणसांना एका छोट्या जेट विमानात चढवून इजिप्तला पाठवले. पुढे अडीच वर्षांनी, २००४ मध्ये, स्वीडनच्या टेलिव्हिजनने तपास केला. विमानाचा नंबर निघाला एन ३७९ पी! देश दोन, विमान एकच.

अमेरिकेत विमानांचे सरकारी नोंदणी-पुस्तक कुणालाही बघता येते. पत्रकारांनी ते पाहिले. मालक म्हणून एका कंपनीचे नाव होते. कंपनीचे अधिकारी शोधायला जावे, तर पत्ते नुसते पोस्टातल्या पेट्यांचे. माणूस सापडेना. नंतर त्या विमानाचा नंबर बदलून एन ८०६८ व्ही झाला, पुन्हा बदलून एन ४४९८२ झाला. पण कारखान्याने दिलेला क्रमांक बदलत नाही. बैलाची झूल बदलली म्हणून अंगावरचा डाग जात नाही, तसे. वहीवाल्यांनी बरोबर ओळखले.

सर्वांत वाईट हकीकत खालिद अल-मस्री याची. हा जर्मनीचा नागरिक, मूळचा लेबनॉनचा. बायको होती, मुले होती. २००३ च्या शेवटच्या दिवशी तो बसने मॅसिडोनिया नावाच्या छोट्या देशात निघाला. सरहद्दीवर त्याला उतरवून घेतले. त्याचे नाव एका संशयित माणसाच्या नावासारखे होते. एवढाच त्याचा गुन्हा. तेवीस दिवस त्याला एका हॉटेलात कोंडले. २३ जानेवारी २००४ ला डोळ्यांवर पट्टी बांधून स्कोप्ये शहराच्या विमानतळावर नेले. तिथे त्याला मारहाण केली, अंगावरचे कपडे कापून काढले आणि विमानात घालून अफगाणिस्तानात नेले. तिथे तो चार महिने कोठडीत होता. चुकीचा माणूस आणला हे पुढे पकडणाऱ्यांच्या ध्यानात आले. मग मे महिन्यात त्याला आल्बानिया देशात एका रस्त्यावर सोडून दिले. तो घरी पोचला, तर घर रिकामे. नवरा सोडून गेला असे समजून बायको मुलांना घेऊन माहेरच्या देशी गेली होती.

त्याचे म्हणणे कोण खरे मानणार? विमानाचे नाव त्याला सांगता येईना. डोळे तर बांधलेले. पण त्याच जानेवारीत स्पेनच्या मायोर्का बेटावर एका छांदिष्टाने एका पांढऱ्या बोइंग विमानाचा फोटो काढला होता. शेपटीकडे नंबर होता, एन ३१३ पी. हे विमान २३ जानेवारीला मायोर्काहून स्कोप्येला गेले आणि तिथून बगदादमार्गे काबूलला गेले, असे उड्डाणांच्या नोंदीत सापडले. दिवस जुळला, वेळ जुळली, वाट जुळली. फोटो काढणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याने आपला छंद केला होता.

अमेरिकेच्या कोर्टांनी मस्रीचा दावा ऐकला नाही. सरकारी गुपिते बाहेर पडतील, असे कारण दिले. तेव्हा तो युरोपच्या मानवी हक्कांच्या न्यायालयात गेला. तिथे सतरा न्यायाधीशांनी १३ डिसेंबर २०१२ ला निकाल दिला. त्याची हकीकत निःसंशय खरी ठरली. मॅसिडोनियाने त्याला ६० हजार युरो द्यावेत असा हुकूम झाला. त्या देशाच्या सरकारने त्याची लेखी माफी मागितली ती २०१८ साली, म्हणजे त्या रात्रीनंतर चौदा वर्षांनी.