ऋण कुणाचं, आणि फेडायचं कसं?

मंडळी, मागच्या वेळी आपण किंमत आणि मोल यांतला फरक पाहिला. आज तोच फरक आपल्या वसई-विरारच्या घरात नेऊन बघू. बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे कितीतरी घरांत एकच हिशेब सुरू होतो.

समजा, नालासोपाऱ्यातलं एक कुटुंब आहे. वडील विरार लोकलने चर्चगेटला जातात, महिना साठ हजार मिळवतात, फ्लॅटचा हप्ता अजून चालू आहे. मुलीला एका खाजगी विद्यापीठात संगणक अभियांत्रिकीला जागा मिळतेय. फी वर्षाला अडीच लाख, म्हणजे चार वर्षांचे दहा लाख. आता काय करायचं?

आधी आकडे बघू, तत्त्वज्ञान मागून येईलच. दरवर्षी अडीच लाखांचं कर्ज घेतलं, व्याज १० टक्के धरलं आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षाने हप्ते सुरू झाले, तर तोवर सरळव्याजानेच साडेतीन लाख चढतात. साडेतेरा लाख दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता येतो सुमारे १७,८०० रुपये. एकूण भरणा २१ लाखांच्या वर. दहा लाखांची पदवी दुपटीला पडली की नाही?

इथे एक गोष्ट बऱ्याच पालकांच्या लक्षात येत नाही. ‘खाजगी’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या संस्था येतात. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. ही महाविद्यालयं सार्वजनिक विद्यापीठांना जोडलेली असतात, आणि २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण त्यांची फी ठरवतं. स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ हा वेगळा प्रकार. शासनाने ८ जुलै २०२४ ला निर्णय काढला: कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. आणि खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. म्हणजे आपली ही मुलगी या घटकांत बसत असेल आणि तिला वसईतच, १९९४ पासून चालू असलेल्या विद्यावर्धिनीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात या प्रक्रियेतून जागा मिळाली, तर तिचा प्रश्न पार बदलतो. दाखले तेवढे वेळेत काढून ठेवायचे, बरं का!

आता मुळाशी जाऊ. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणं सांगितली आहेत. त्यांतलं ऋषिऋण हे विद्येचं, आणि ते फिटतं अध्ययनाने. सावकार तिथे नाही. अर्थात, हे ऋण घेण्याचाही अधिकार मूठभरांनाच होता. ते दार उघडायला १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंना पुण्यात मुलींची शाळा काढावी लागली. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी विचारलं तेही हेच, की शेतकऱ्याच्या करातून उभा राहिलेला पैसा नेमका कुणाच्या शिक्षणावर जातो?

आमच्या पिढीची पदवी किरकोळ फीत झाली. उरलेला पैसा कुणीतरी भरलाच होता: शेतकऱ्याने, गिरणी कामगाराने. ते ऋण आम्ही शिकवून थोडंफार फेडलं. आज तेच ऋण एकट्या मुलीच्या नावावर बँकेत लिहिलं जातं. फरक निव्वळ पैशाचा नाही. तेविसाव्या वर्षी १७,८०० चा हप्ता असलेली मुलगी संशोधनाकडे, शिक्षकीकडे, मनाजोगत्या छोट्या कामाकडे वळू शकत नाही. ज्या शिक्षणाने वाटा मोकळ्या करायच्या, त्याचाच हप्ता त्या बंद करतो.

मग खाजगी विद्यापीठात घालूच नये का? तसं आम्ही म्हणत नाही. तीन प्रश्न मात्र विचारावेत. एक, हप्ता पहिल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतो का? पगार माहितीपत्रकातला सर्वांत मोठा धरू नका. एनआयआरएफसाठी संस्था मध्यक पगाराचा आकडा देतात, तो बघा. दोन, आईवडिलांचं म्हातारपण गहाण पडतंय का? पीएफ मोडला, वाडीचे गुंठे विकले, तर पुढे तो भार पुन्हा त्याच मुलीवर येतो. तीन, हा सगळा हिशेब तिला दाखवलाय का? बहुतेक घरांत तो तिच्यापासून लपवतात, प्रेमापोटी. पण जे ऋण तिच्या नावावर चढणार, ते तिला न सांगता काढायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

‘एवढी फी झेपणार नाही’ असं म्हटलं की प्रेम कमी पडलं, असं आपल्याला वाटतं. फी ही किंमत आहे, मुलीचं मोल नव्हे. आज रात्री जेवणं झाल्यावर कागद-पेन घेऊन तिच्याशेजारी बसा. बाकीचं प्रश्नोत्तरांत बोलू.