वाटीत राहिलेला खडा

घरातला मोबाईल रात्रभर उशाशी नुसता पडून असतो. कोणी त्याला हात लावत नाही. तरी एखाद्या सकाळी पाहावे, तो बॅटरी बरीच उतरलेली! आपण बॅटरीला दोष देऊन मोकळे होतो. पुष्कळदा दोष तिचा असतोही. पण कधी कधी तो मोजणीतल्या एका लहानशा चुकीचा असतो. ती चूक कशी होते, ते आज पाहू.

प्रथम शाळेच्या प्रयोगशाळेत जाऊ. समजा, तेथे असा नियम आहे : आत येणाऱ्याने दाराजवळच्या वाटीत एक खडा टाकायचा आणि जाताना एक खडा उचलायचा. वाटी रिकामी असताना जो येईल, त्याने खडा टाकून दिव्यांचे मुख्य बटण दाबायचे. वाटी पुन्हा रिकामी झाली, की शिपाईमामांनी ते बंद करायचे. आत पाच जण असोत वा पन्नास, कोणाला कोणाची चौकशी करावी लागत नाही. वाटी सारे सांगते.

संगणकाच्या आणि मोबाईलच्या पोटातही अशीच वाटी असते. कॅमेरा, ध्वनी, स्पर्शपडदा अशा निरनिराळ्या भागांसाठी एकेक आकडा राखलेला असतो. भाग वापरायला घेताना आकडा १ ने वाढवायचा, काम संपले की १ ने कमी करायचा. आकडा ० झाला, की त्या भागाला झोपवून वीज वाचवायची. ही देखरेख करते ती यंत्राची कार्यप्रणाली. लिनस टोरवाल्ड्स यांनी फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना १९९१ साली सुरू केलेली ‘लिनक्स’ ही अशीच एक प्रणाली. अँड्रॉइड मोबाईलच्या गाभ्यात तीच आहे. यंत्र चालू असतानाच त्यातले रिकामे भाग झोपवण्याची ही सर्वसाधारण व्यवस्था लिनक्समध्ये २००९ साली आली.

आता प्रयोगशाळेत काय घडले ते ऐका. एका संध्याकाळी एक मुलगा आला. वाटी रिकामी होती. त्याने खडा टाकला, बटण दाबले. पण दिवे लागलेच नाहीत. फ्यूज उडाला होता. “आज काही काम होत नाही,” असे म्हणून तो घरी गेला. खडा मात्र वाटीतच राहिला! दुसऱ्या दिवशी फ्यूज बदलला. मुले आली, खडे टाकून कामाला लागली आणि जाताना नियमाप्रमाणे एकेक खडा उचलून गेली. शिपाईमामांनी पाहिले, तर वाटीत एक खडा शिल्लक. आत कोणीतरी असणार, असे समजून त्यांनी दिवे चालूच ठेवले. दिवे रात्रभर जळत राहिले.

लिनक्समध्ये नेमके हेच होत असे. भाग जागा करण्यासाठी तेथे ‘पीएम रनटाइम गेट सिंक’ नावाची एक आज्ञा आहे. ती आधी आकडा वाढवते, मग भागाला जागे करू पाहते. जागे करणे साधले तर ० हे उत्तर देते; भाग आधीच जागा असेल तर १; आणि काही बिघडले तर एखादी ऋण संख्या. पण गंमत अशी, की ऋण उत्तर आले तरी वाढवलेला आकडा वाढलेलाच राहतो.

आज्ञावली लिहिणारा येथेच फसतो. तो म्हणतो, “काम झालेच नाही, मग मागे आवरायचे ते काय?” आणि तो तसाच परत फिरतो. आकडा ० चा १ झालेला असतो. पुढच्या वेळी भाग नीट जागा होतो, आकडा २ होतो. काम संपल्यावर पुन्हा १ होतो. तो ० वर काही येत नाही, आणि तो भाग झोपत नाही. बॅटरी हळूहळू गळत राहते. ही चूक सापडणेही कठीण, कारण भाग जागा न होण्याचा प्रसंग क्वचित येतो. तपासणीच्या वेळी सारे सुरळीत चालते.

मग आज्ञेनेच अपयशाच्या वेळी आकडा कमी का करू नये? कारण काही आज्ञावल्या उत्तराकडे पाहतच नाहीत. यश येवो वा अपयश, शेवटी एक खडा उचलतात. त्यांचा हिशेब आजवर बरोबर होता. जुन्या आज्ञेची रीत बदलली, तर त्या एक खडा जास्त उचलतील. म्हणजे दुसरा कोणी काम करीत असतानाच वाटी रिकामी दिसेल आणि भाग झोपवला जाईल! काही यंत्रांत तर वीज तोडलेल्या भागाला हाक मारली, की सारे यंत्रच अडकून पडते. म्हणून जुनी आज्ञा तशीच ठेवून २०२० साली एक नवी आज्ञा दिली गेली : ‘पीएम रनटाइम रिझ्यूम अँड गेट’. जागे करणे फसले, तर ती आपला खडा आपणच उचलून घेते.

एरवीचा नियम सोपा आहे. पायऱ्या चढताना मध्येच अडलात, तर जेवढ्या चढलात तेवढ्याच, उलट्या क्रमाने उतरा. अडचण येते ती एखादी पायरी अर्धवट चढून झालेली असते तेव्हा. म्हणून आज्ञा वापरण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : ही फसली, तर मागे काय ठेवून जाते?

आता हे कोडे सोडवा. एक भाग सुरू करताना तीन पायऱ्या आहेत : प्रथम वीज देणे, मग घड्याळाचे ठोके सुरू करणे, शेवटी जुन्या आज्ञेने भाग जागा करणे. तिसरी पायरी फसली. परत फिरताना काय काय करावे, आणि कोणत्या क्रमाने?

(उत्तर : आधी आकडा १ ने कमी करावा, मग ठोके थांबवावेत, शेवटी वीज बंद करावी. “तिसरी पायरी झालीच नाही, तेव्हा दोनच गोष्टी आवरायच्या,” असे उत्तर ज्यांनी दिले, त्यांचा खडा वाटीतच राहिला!)